मेल्या काळातला डबा

कारखान्याचा भोंगा मे महिन्याच्या अखेरीस शेवटचा वाजतो आणि मग आमच्या वसाहतीत 'मेला काळ' सुरू होतो. ऊस संपलेला, रोलर थांबलेले, चिमणीतून धूर नाही. नोव्हेंबरात पुन्हा भोंगा वाजेपर्यंत, म्हणजे आमच्याकडचा अख्खा उन्हाळा, पुरुषमाणसं घरात. ज्यांच्यावर ही वेळ कधी आली नाही त्यांना वाटतं, मजा आहे बुवा, अख्खा उन्हाळा सुट्टी. त्यांनी एकदा माझ्यासारखं नवऱ्याला अख्खा उन्हाळा घरात ठेवून बघावं.

माझ्या नवऱ्याचं नाव सेकुंदिनो. सगळे त्याला कुंदो म्हणतात. मी रागावले की पूर्ण नाव घेते, म्हणजे बहुतेक वेळा पूर्णच घेते. कारखान्यात तो तेलवाला. हातात तेलाचा डबा घेऊन लोखंडी शिड्यांवरून वर जायचं, ऊस चिरडणाऱ्या रोलरांच्या डोक्यावरच्या अरुंद फळीवरून चालायचं आणि जिथं जिथं यंत्र कुरकुरतं तिथं तेल सोडायचं. हंगामात त्याच्या अंगाला साखरेचा आणि वंगणाचा मिळून एक वास येतो. तो वास जुलै उजाडेपर्यंत जात नाही आणि गेला की मला करमत नाही, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच मेल्या काळात, भोंगा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, हा पहाटे उठला, कामाचे बूट चढवले आणि मला म्हणाला, "डबा भर."

"कुठं निघालास?"

"कामावर."

"कसल्या कामावर? कारखाना बंद आहे."

"ते तिथं गेल्यावर ठरवतो."

मी डबा भरला. खालच्या कप्प्यात भात, मधल्यात घेवडा, वर तळलेलं केळं. हा फाटकातून बाहेर पडला, शेजारच्या गोयाला रामराम केला, पेरूच्या कुंपणाच्या कडेनं घराला वळसा घातला आणि मागच्या बाजूनं आमच्याच परसात शिरला. डबा आंब्याच्या फांदीला अडकवला आणि कोयत्यांना धार लावायला बसला. दुपारी, भोंगा वाजला असता त्या वेळेला, त्यानं हात धुऊन आंब्याखाली डबा उघडला. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिथंच. भाताचं ताट मी हात लांबवून दिलं असतं.

"आत येऊन गरम जेव की," मी खिडकीतून म्हटलं.

"कामावर आहे मी," तो म्हणाला.

पहिल्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी भांडले. मग नुसता डबा भरू लागले. कारण तोवर मी इतर घरं पाहिली होती. मेल्या काळात पुरुष पहिला आठवडा खुशीत असतात, दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या फोडणीत चुका काढतात आणि जुलै आला की दारात खुर्ची टाकून बिनधुराच्या चिमणीकडे बघत बसतात. काही राजधानीत विटा वाहायला जातात आणि तिकडचेच होतात. कुंदोचा बाप खाटेवर पडून राहायचा. एका वर्षी भोंगा वाजला तरी तो उठला नाही. दुखणं काही नव्हतं, उठायचंच विसरला होता. तेव्हापासून कुंदोचं एकच म्हणणं: मेल्या काळात माणूस भुकेनं मरत नाही, खाटेनं मरतो.

म्हणून हा स्वतः बसायचा नाही आणि दुसऱ्याला बसू द्यायचा नाही. दुपारी चिंचेखाली डॉमिनोचा डाव. तिथं एक नियम यानंच घातला होता, जो कोणी 'नोव्हेंबर' हा शब्द काढील त्यानं गोयाचं अंगण झाडायचं. गोयाचं अंगण मेल्या काळात जितकं स्वच्छ असायचं तितकं तिच्या लग्नातही नसेल. रविवारी बेसबॉल, लग्न झालेले विरुद्ध न झालेले. लग्न झालेले नेहमी हरायचे, कारण खेळ रंगात आला की बायका जेवायला हाका मारायच्या. कुणाच्या रेडिओची तार तुटली, कुणाच्या गाढवाला नाल हवी, कुणाच्या पोराला दात पाडून घ्यायची भीती वाटते, कुंदो हजर. "तुमच्या नवऱ्याला जरा पाठवता का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की नवरा माझा की वसाहतीचा असा प्रश्न पडावा.

आणि शनिवारी इर्जिक. वादळांचे महिने यायच्या आधी घरांची छपरं नीट करायची असतात आणि ते एकट्याचं काम नाही. ज्याचं छप्पर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, बाकीच्यांनी हातोडे घेऊन यायचं. पैशाची बात नाही. खाली एक गाणारा उभा राहतो, तो एक ओळ टाकतो, वरचे सगळे दुसरी ओळ म्हणतात आणि शेवटच्या शब्दाला सगळ्यांचे हातोडे एकदम पडतात. गाणाऱ्यानं हातोडा धरायचा नाही, पण त्याचं ताट आधी वाढतात.

आणखी एक रीत आहे. आढ्याचा पहिला खिळा घरधन्यानं स्वतः मारायचा. दुसऱ्या कुणी मारला तर ते छप्पर त्या दुसऱ्याचं ऐकतं, असं जुनी माणसं सांगत. गोया विधवा, अंगानं भरलेली, पण तिच्या घराच्या वेळी तीसुद्धा झगा खोचून शिडीवर चढली होती आणि खिळा मारून उतरताना खालच्या सगळ्यांना दमात सांगत होती, "वर बघाल तर याद राखा."

कुंदोची जागा वर, आढ्यावर. गाढवावर बसावं तसा पाय दोन्हीकडे टाकून बसायचा, तोंडात खिळे, आणि तिथूनच मला ओरडून विचारायचा, रश्शात मीठ घातलंस का.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

गेल्या जूनमध्ये आमचा आंबा पिकून गळायला लागला. दरवर्षी कुंदो शेंड्यापर्यंत जायचा. त्या दिवशी तो झाडावर चढला, पहिल्या फांदीशी थांबला आणि झाडाला मिठी मारून राहिला. मी खाली टोपली घेऊन उभी. मला वाटलं, मुंग्या चावल्या. बऱ्याच वेळानं तो एकेक पाय चाचपत खाली आला. चेहरा राखेसारखा.

"अजून पिकलेले नाहीत," तो म्हणाला.

एक आंबा आमच्या दोघांच्या मधे पडून फुटला.

"नाहीत खरे," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही जमिनीवर पडलेलेच आंबे खाल्ले. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. पण मी बघत होते. तो डोकं वर करून बघायचा तेव्हा हात कुठंतरी टेकवायचा. खाटेवरून उठताना आधी बसून राहायचा. त्याला घेरी येत होती. चार पायऱ्या चढला की डोळ्यांपुढं सगळं फिरायचं.

दुसऱ्या कुणाला घेरी आली तर तो दोन दिवस पडून राहील आणि लिंबाचं पाणी पिईल. पण वर चढता न येणारा तेलवाला म्हणजे पाण्याला भिणारा कोळी. खाली रोलर फिरत असतात. तिथं तोल गेलेल्या माणसाचं काय होतं ते आमच्या वसाहतीत कुणी बोलून दाखवत नाही. मुकादमाला कळलं तर नोव्हेंबरात तो कुंदोला फाटकातूनच परत पाठवील. आणि मग कुंदोला बारमाही मेला काळ. भोंगा वाजेल, सगळे जातील आणि हा डबा घेऊन घराला वळसा घालत राहील, एक दिवस वळसाही घालणार नाही. मला भीती त्या खाटेची होती. त्यालाही तीच असणार.

अशात त्या वर्षीचा पहिला इर्जिकीचा शनिवार आला, गोयाकडे. आमचा जुना गाणारा मुलीकडे राहायला गेला होता. सगळे जमल्यावर फेर्मिन पुढं झाला. हा फेर्मिन कारखान्यात कुंदोच्या जोडीला असतो, आमच्या मुलीचा तो धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्यानंच तिला हातात धरलं होतं. म्हणून तो आणि मी एकमेकांना अहो-जाहो करतो, भावजी-वहिनी म्हणतो. फेर्मिन म्हणाला, "यंदा कुंदो गाणार."

माझ्या हातातला पळा रश्शात पडला.

माझ्या नवऱ्यात पुष्कळ गुण आहेत. आवाज हा त्यातला नाही. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकला की जसं ऐकू येतं, तसा तो गातो. चर्चमध्ये फादर त्याला हळूच सांगतात, तू मनातल्या मनात म्हण, देवाला पोचतं. पण फेर्मिननं त्याला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि कुंदोनं छाती भरून सुरुवात केली:

"वारा आला, काय मागतो?"

वरून सगळे: "पत्रा मागतो!"

"देऊ का रे, देऊ का?"

"खिळा देऊ!" आणि हातोडे पडायचे होते, पण ते एकदम पडले नाहीत, कारण ती ओळ यानं कुठल्या तालात उचलली ते कुणाला कळेना. गोयाचा कोंबडा कुंपणावरून उडून गेला. वर बसलेले बाप्ये माना खाली घालून ठोकत राहिले. कुणी हसलं नाही, हे मला त्या दिवशी खटकायला हवं होतं.

कुंदो मात्र फुलून आला. दुसऱ्या दिवसापासून परसात कोयत्याला धार लावता लावता रियाज.

"म्हातारे," एकदा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"काय?"

"की माझा आवाज असा आहे."

"सांगणार होते सगळे. पण तुझं मन कोण दुखावणार?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसत हसत निघून गेला. मी आतल्या आत फेर्मिनवर जळत होते. माझ्या नवऱ्याला आढ्यावरून उतरवून अंगणातलं बुजगावणं केलं, आणि हा खुळा खूश.

सगळ्या उन्हाळ्यात घरामागून घर होत गेलं. राहिलं फक्त आमचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आढ्याजवळचा एक पत्रा गंजून उचलला होता. पाऊस आला की मी चुलीवर एक पातेलं धरायची, खाटेवर दुसरं. इर्जिक बोलवायची तर घरधन्याला पहिल्या खिळ्यासाठी वर जावं लागणार. म्हणून कुंदोकडे दर शनिवारी नवी सबब. पत्रे चांगले येत नाहीत. चंद्र बरा नाही. या आठवड्यात पलीकडच्या कुणा म्हाताऱ्याची निकड जास्त आहे. एकदा तर म्हणाला, पावसाचा आवाज पातेल्यात छान लागतो.

गोया कुंपणावरून विचारायची, "ओनेलिया, तुमच्याकडे इर्जिक कधी? आम्ही पोट रिकामं ठेवून बसलोय."

"पत्रे यायचेत," मी सांगायची. नवऱ्याचं खोटं बायकोनं सांभाळायचं नाही तर कुणी.

ऑगस्टच्या अखेरीला रेडिओवर वादळ सांगितलं. ते आमच्या उत्तरेकडून निघून गेलं, नुसता पदर लागला. पण त्या पदरानंच आमचा तो पत्रा सुटला आणि वाऱ्यानं आपटायला लागला. अख्खं घर थडथडत होतं. कुंदो काही न बोलता बाहेर गेला आणि त्यानं शिडी लावली. मी खिडकीतून बघत होते. एक पायरी चढला. दुसरी चढला. तिसरीवर पाय ठेवला आणि कपाळ शिडीला टेकवून उभा राहिला, दोन्ही हातांनी शिडी आवळून, पावसात. वर जाता येईना आणि खाली उतरायचं मन होईना.

मला धावत जाऊन त्याला धरावंसं वाटत होतं. गेले असते तर तो आयुष्यभर माझ्याकडे नीट बघू शकला नसता. मी चुलीजवळचा हंडा दणकन जमिनीवर ठेवला आणि ओरडले, "सेकुंदिनो, इकडे ये आधी. हा हंडा मला हलवत नाहीये."

तो आला. भिजलेला. हंडा उचलून कोपऱ्यात ठेवला. तो हंडा मी एका हातानं उचलते. त्यालाही ते माहीत होतं. आम्ही दोघं हंड्याकडेच बघत उभे राहिलो आणि वर पत्रा आपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेर्मिनकडे गेले. तो दारात बसून बुटाचा तळवा ठोकत होता.

"भावजी, शनिवारी आमच्याकडे या. मी जेवण करते. त्याला सांगू नका."

त्यानं हातोडी खाली ठेवली. "वहिनी, पहिला खिळा?"

"त्याचं काय ते बघू."

"बघू म्हणजे? तो वर जाणार आहे का?"

त्यानं हे ज्या सुरात विचारलं त्यावरून मला कळलं. इतक्या दिवसांचा राग एकदम तोंडाशी आला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून त्याला अंगणात उभं करून गायला लावता? हसं करायला माझाच नवरा मिळाला?"

फेर्मिननं बूट बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही त्याचा आवाज ऐकलाय ना?"

"ऐकलाय."

"मग तो आम्ही दर शनिवारी हौसेनं ऐकतो असं वाटलं तुम्हाला?"

मी बसले. तिथंच, त्याच्या उंबऱ्यावर.

"गाणाऱ्यानं हातोडा धरायचा नसतो," तो म्हणाला. "वर चढायचं नसतं. त्याला कुणी विचारत नाही, तू खाली का. दुसरी कुठली जागा होती का सांगा?"

मग त्यानं सांगितलं. मेमध्येच कुंदो फळीवर खांब धरून उभा राहिलेला त्यानं पाहिला होता. हंगामाचे शेवटचे दिवस वरचं तेल फेर्मिननंच घातलं, मुकादमाला न कळू देता.

"मग बोलला का नाहीत त्याच्याशी?"

"तो आमच्याशी बोलला नाही. आम्ही कसं काढणार?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"हातोडा घेऊन येणाऱ्या सगळ्यांना."

"आणि गोयाला?"

"गोयाला माहीत नाही असं वसाहतीत काही असतं का?"

मला रडू आलं, आणि ते रडू लपवायलाही मी गेले नाही. सगळा उन्हाळा मी आणि तो एकमेकांपासून लपवत होतो, दोघं मिळून वसाहतीपासून लपवत होतो आणि वसाहत आमच्यापासून.

"पण भावजी, नोव्हेंबर?" मी विचारलं. डॉमिनोचा नियम मोडला होता, पण अंगण झाडायला सांगायला कुंदो तिथं नव्हता.

"नोव्हेंबर गाण्यानं निभणार नाही," फेर्मिन म्हणाला. "वरचं तेल मी लपूनछपून किती दिवस घालू? एक दिवस हा माझ्या आधी वर जाईल. आधी जाऊन सांगितलं तर मुकादम खाली, ऊस यंत्रात लोटतात त्या गव्हाणीपाशी, ऊस सारायला तरी ठेवील. लपवलं आणि मग कळलं, तर फाटक बंद. पण ते कुंदोनंच जाऊन सांगायला पाहिजे. मी सांगितलं तर ती चहाडी, तुम्ही सांगितलं तर त्याहून वाईट."

शनिवारी मी पहाटेच मोठं पातेलं चढवलं. कोंबडी, युकाचे कंद, कच्ची केळी, भोपळा. कुंदोनं वास घेतला.

"कुणाचं लग्न आहे?"

"गप डबा घे आणि कामावर जा."

तो वळसा घालून परसात गेला. थोड्या वेळानं फाटकातून सगळे आले, खांद्यावर शिड्या, हातात दोर. कुंदो घराच्या कोपऱ्यावरून बघत राहिला.

"हे काय?"

"कामाला आलोय," फेर्मिन म्हणाला. "तुझं आढं कुजलंय. बदलायला पाहिजे."

"माझं आढं? त्याला काय धाड भरलीय? दगडासारखं आहे."

"मी म्हणतो कुजलंय."

"अरे, मी स्वतः बसवलंय ते."

"म्हणूनच कुजलंय," गोया म्हणाली आणि बाह्या सरसावून रश्शाकडे गेली.

तो पुढं काही बोलायच्या आत पोरं वर चढली, पत्रे काढले आणि ते धडधाकट आढं दोरांनी खाली उतरवलं. घर टोपी काढलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. फेर्मिननं नवं लाकूड आणलं होतं. ते त्यानं अंगणात दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं, गुडघ्याइतक्या उंचीवर. मग हातोडा आणि एक खिळा कुंदोपुढं धरला.

"मार."

कुंदोनं हातोडा घेतला नाही. "पहिला खिळा आढ्यावर जाऊन मारतात."

"आढं इथं आहे," फेर्मिन म्हणाला. "रीत खिळ्याची आहे. उंचीची आहे असं मी तरी ऐकलं नाही."

कुंदोनं खुर्च्यांवरच्या लाकडाकडे पाहिलं, मग एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी नजर खाली केली नाही.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"गाणारा नेमायच्या आधीपासून," फेर्मिन म्हणाला.

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हणजे ते गाणं..."

"कुंदो," गोया पातेल्याजवळून म्हणाली, "माझा कोंबडा अजून परत आलेला नाही."

तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतोय. मग वाटलं हसतोय. दोन्ही चाललं होतं. मला त्या घटकेला त्या सगळ्या माणसांचे, अगदी गोयाचेसुद्धा, पाय धरावेसे वाटले.

मग तो उठला आणि त्यानं हातोडा घेतला. पहिल्या घावाला खिळा वाकला. इतक्या वर्षांत त्याचा खिळा मी कधी वाकलेला पाहिला नव्हता. त्यानं तो काढून दगडावर सरळ केला, पुन्हा धरला आणि नीट आत बसवला. आढं दोरांनी वर गेलं. पत्रे पुन्हा चढवून पोरं आणि फेर्मिन वर जाऊन बसले, हातोडे उचलून, आणि तसेच थांबले.

"आता काय?" कुंदोनं विचारलं.

"गाणं," वरून फेर्मिन म्हणाला.

"आता कशाला? झालं की उघड सगळं."

"मग ठोके कशावर धरायचे? तुझ्या आवाजाची सवय झालीय. आता चांगला गाणारा आणला तर बोटावर बसतील."

कुंदो अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मग त्यानं घसा खाकरला. मी सांगते, त्या दिवशी तो इतर कुठल्याही दिवसापेक्षा वाईट गायला, कारण मधेमधे आवाज फाटत होता. "वारा आला, काय मागतो?" आणि वरच्यांच्या बरोबर, पळा हातात धरून, मीही ओरडले, "पत्रा मागतो!" ताट त्याचंच आधी वाढलं. गाणाऱ्याचा मानच आहे तो.

रविवार त्यानं घरातच काढला. बेसबॉललाही गेला नाही. मी खाटेकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

सोमवारी पहाटे त्यानं बूट चढवले. "डबा भर," तो म्हणाला.

मी भरला. तो फाटकातून बाहेर पडला, गोयाला रामराम केला आणि पेरूच्या कुंपणाशी पोचला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, तो परसात येईल म्हणून. तो आला नाही. मी धावत पुढच्या दाराशी आले. कुंपण संपलं तिथं तो न वळता सरळ गेला होता. कारखान्याच्या रस्त्यानं चालला होता, बंद कारखान्याकडे, मुकादमाच्या घराकडे. डबा हातात हलत होता.

दुपारी मी आंब्याखाली बघितलं. फांदी रिकामी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या झाडाखाली कुणी जेवत नसल्याचं बरं वाटलं, आणि तरी मी दहादा फाटकापर्यंत जाऊन आले.

तो उन्हं उतरल्यावर आला. डबा ओट्यावर ठेवला आणि बूट काढायला बसला. एक बूट निघाला. दुसरा निघाला.

"गव्हाणीपाशी," तो म्हणाला. "जमिनीवर. तेलाचा डबा दुसऱ्याला."

मला माहीत होतं तो तेलाचा डबा त्याच्यासाठी काय होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात धरला. दिवसाढवळ्या असं आम्ही करत नाही.

"मग भोंगा वाजला की जायचं," मी म्हटलं.

"जायचं. एक अट घातलीय मुकादमानं."

"कसली?"

"कामावर गायचं नाही."